डावी बाजू

चष्मा विसरला म्हणून बाई परत फिरल्या, एवढंच निमित्त. वाचायचा चष्मा मशीनच्या कडेला काढून ठेवायचा आणि तिथेच विसरायचा, ही त्यांची जुनी खोड. चहाचा कप समोर आला, हात सवयीने टेबल चाचपायला लागला, तेव्हा लक्षात आलं. कुणालाही हाक मारून मागवता आला असता. पण आपल्या विसराळूपणासाठी दुसऱ्याला पळवणं बाईंच्या स्वभावात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आपण विसरलो हे चारचौघांत कळू देणंही नव्हतं. त्या गुपचूप उठल्या, बोळ ओलांडून सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीपाशी आल्या, पडदा जरासा सारला आणि तिथेच थबकल्या. टेबलावर तीच मुलगी झोपली होती. जिच्या पोटावरून आत्ताच बाईंचा हात फिरला होता, जिच्या ओटीपोटावर बाईंनी स्वतः जांभळ्या शाईचा ठिपका काढला होता, जिला 'झालं हो, उठा आता' असं सांगून त्या बाहेर पडल्या होत्या, तीच ती मुलगी. मॉनिटरच्या उजेडात ठिपका स्पष्ट दिसत होता. आणि बाईंच्या स्टुलावर, पोटावर फिरवायचा बाईंचा प्रोब हातात धरून, बाईंची सून बसली होती.

पडदा हातातून सुटला. आत कुणी वळून पाहिलं नाही. बाई मागे सरकल्या आणि पेशंट चपला काढतात तिथल्या बाकावर मटकन बसल्या. आपण बसलोय हेसुद्धा त्यांना बसल्यावरच कळलं. पुन्हा? मी केलेली पुन्हा? या शहरात बाईंनी बघितलेलं कुणी पुन्हा बघत नसे. मोठमोठे सर्जन, ज्यांना सख्ख्या भावाचा शब्द पटत नाही असे, तेही पोट उघडण्याआधी एवढंच विचारत, 'बाईंनी बघितलंय का?' आणि बघितलं असेल तर पुढे बोलणं नाही. मागे बड्या हॉस्पिटलात कपाटाएवढं नवंकोरं मशीन आलं, तेव्हाही लोक तिथून निघून, फिल्म काखेत मारून, याच बोळात याच बाकावर येऊन बसत. 'मशीन म्हणजे काय, टीव्ही आहे नुसता,' बाई म्हणत, 'बघणाऱ्याला दिसलं पाहिजे.' हे म्हणताना त्यांची मान जराशी ताठ व्हायची. गर्व होता का? होता की! बाईंनी तो कधी लपवला नाही. स्वतःच्या डोळ्यांनी मिळवलेला होता, कुणाच्या बापाचं खात नव्हता. आणि आज त्या गर्वाला कुणी बाहेरच्याने नाही, घरातल्याच पोरीने, जी सकाळी त्यांच्याच शेजारी बसून नाश्ता करते तिने, पाठीमागून येऊन चिमटा काढला होता.

तशी केस साधी नव्हती, पण बाईंना काही अवघडही नव्हती. मुलगी तलावावर पोहायला शिकवते. भरदार खांदे, केस कायम ओलसर, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची सवय. लग्नाला फार दिवस झालेले नाहीत, मूल अजून नाही, हवं आहे. मधूनच पोटात जीवघेणी कळ यायची आणि आपोआप जायची, म्हणून ती सर्जनकडे गेली, तर त्याच्या हाताला ओटीपोटात गाठ लागली, चांगली दोन मुठींएवढी. त्याने बाईंना चिठ्ठी लिहिली: डाव्या अंडाशयाची वाटते, उद्या सकाळी सुई घालून तुकडा काढतो, सुई कुठून घालू तेवढं सांगा. तुकडा वाईट निघाला तर अंडाशयं, गर्भपिशवी, सगळंच काढावं लागेल, हे त्याने तिला तोंडी सांगून ठेवलेलं होतं. टेबलावर झोपल्या झोपल्या ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. 'डॉक्टर, माझी गाठ फिरते. पाठीवर पोहायला लागले की वर सरकते. पाण्याबाहेर उभी राहिले की खाली येते. सरांना सांगितलं तर ते हसले, म्हणाले, गॅस असेल.' बाई हसल्या नव्हत्या. पण त्यांनी ऐकलंही नव्हतं. त्यांचं सगळं लक्ष मॉनिटरवर होतं. गाठ भरीव, गुळगुळीत, एकसारख्या करड्या रंगाची, एका कडेला खाच पडलेली. उजवं अंडाशय दिसलं. डावं दिसलं नाही, म्हणजे तेच वाढून गाठ झालेलं असणार. रक्त कुठून कसं वाहतंय ते मशीनवर रंग लावून बघितलं तर गाठीत रक्त बरंच होतं. म्हणून त्यांनी मोठ्या शिरा टाळून, प्रोब इकडून तिकडून वळवून, अगदी नेमकी जागा शोधली, मार्कर उचलला आणि ठिपका दिला. ठिपका देताना त्या स्वतःवर खूश होत्या. अशी जागा शोधून देणं सगळ्यांना जमत नाही.

हे असते तर! 'हे' म्हणजे बाईंचे यजमान, तेही सर्जन, आता नाहीत. त्यांची एक पद्धत होती. बाईंनी बघून दिलेलं पोट उघडलं, आत हात घातला, की थिएटरमधल्या सिस्टरने फोन लावून रिसीव्हर त्यांच्या कानाशी धरायचा, आणि ते मास्कच्या आतून एवढंच म्हणायचे, 'तुझंच बरोबर.' फोन बंद. बाकीच्यांचे नवरे वाढदिवसाला काय काय घेऊन येत. यांना बायकोचा वाढदिवस कुठल्या महिन्यात असतो तेही धड ठाऊक नव्हतं. पण बाईंची कधी तक्रार नव्हती. त्या दोन शब्दांसाठी त्या फोनपाशी खुर्ची ओढून बसत आणि फोन वाजला की मुद्दाम एक घंटी जाऊ देऊन मग उचलत. कसल्या कसल्या गाठी बघितल्या होत्या त्यांनी! एका आजीबाईंना गाठ म्हणून ऑपरेशनच्या टेबलापर्यंत नेलेलं, बाईंनी आधी नळी घालायला लावली, भांडं भरलं आणि गाठ गायब. 'मी कधीची सांगतेय, मला जायचंय म्हणून,' आजी फणकारल्या, 'पण सोनोग्राफी आहे, धरून ठेवा, धरून ठेवा, असंच सगळे म्हणतात मेले!' दुसऱ्या एकीच्या पोटात आधीच्या ऑपरेशनातला कापसाचा बोळा राहिलेला, वर्षानुवर्षं, आणि तो गाठीचं सोंग घेऊन बसलेला. आणि ती शाळकरी पोर. आईने दंडाला धरून फरफटत आणलेली. पाळी कधी आलीच नव्हती आणि पोट मात्र वाढलेलं, म्हणजे लोक काय समजले असतील ते समजलेच. पोरीच्या गालावर बोटांचे वळ होते. बाईंनी बघितलं, आणि त्यांच्या अंगावर काटा आला. बाहेर पडायला वाटच नव्हती म्हणून महिन्या-महिन्याचं रक्त आत साठून साठून गाठ झालेली. त्यांनी मॉनिटर आईकडे वळवला. 'हे बघा. ही तुमच्या मुलीची पाळीच आहे. दार बंद होतं बिचारीचं. छोटासा छेद द्यायचा, बस. आता आधी तिची माफी मागा, मग घरी जा.' आणि ती माउली रडत रडत पोरीला जवळ घेईपर्यंत बाईंनी खोलीतला दिवा लावला नाही. त्या दिवशी हे जेवताना म्हणाले होते, 'आज काय, स्वारी खुशीत दिसतेय.' बाईंनी काही सांगितलं नाही. काही गोष्टी सांगितल्या की कमी होतात असं त्यांना वाटे.

आणि ही पोरगी! मुलगा घेऊन आला तेव्हा शिकलेली होती, याच विषयातली, पण हात अगदी कच्चा. प्रोब असा धरायची की जणू पेशंटला चटका बसेल. बाईंनी तिला शिकवलं. दवाखान्यात तुझं-माझं नातं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावलं. इथे मी मॅडम आणि तू डॉक्टर. आई आणि सूनबाई संध्याकाळी घरी गेल्यावर. ती प्रोब धरून बसली की बाई तिच्या मागे उभ्या राहत, दोन्ही हात पाठीशी बांधून. मुद्दाम बांधून. नाहीतर तिचं चाचपडणं बघून त्यांचा हात असा शिवशिवायचा की प्रोब हिसकावूनच घेतला असता. 'दिसतंय ते सगळेच बघतात, अगं,' त्या मागून म्हणत, 'चिठ्ठीवर ओटीपोट लिहिलंय म्हणून तू सरळ ओटीपोटात घुसलीस? आधी सगळं घर फिरून ये. जे जिथे असायला हवं ते तिथे आहे का बघ. मग चोर शोध.' पोरगी आधी रडकुंडीला यायची, मग हळूहळू हसायला लागली, मग एके दिवशी बाईंच्या लक्षात आलं की आपल्या पाठीशी बांधलेल्या हातांना आता शिवशिवत नाही. त्या दिवशी त्यांना कोण आनंद झाला होता. बोलून नाही दाखवला, पण घरी जाताना गाडीत गुणगुणत होत्या. आणि त्याचं हे फळ. तिला डोळे दिले आणि ती ते आपल्याच मागे लावून बसली.

आता एकेक आठवायला लागलं. चहा! केवढी मोठी मूर्ख मी, बाई स्वतःशी म्हणाल्या. गेले काही महिने सुनेने नवंच सुरू केलं होतं: दोन-चार पेशंट झाले की मदतनीस पडद्याशी येऊन म्हणायची, 'मॅडम, चहा गार होतोय.' आणि बाई उठून आपल्या खोलीत जायच्या. केवढं कौतुक करत होत्या त्या सगळ्यांपुढे! बहिणीला फोन करून सांगितलं, जावेला सांगितलं, 'लोकांच्या सुना काय करतात कोण जाणे, माझी मला वेळेवर चहा देते हो.' आणि इकडे चहाच्या नावाखाली त्यांना खोलीत पिटाळून मागे पेशंट थांबवून हे चाललेलं. मदतनिसीला ठाऊक. कदाचित पेशंटांनाही. 'मॅडमचं झालं, आता जरा धाकट्या डॉक्टर बघतील हं.' म्हाताऱ्या घोड्याला चार पावलं चालवून आणायचं आणि ओझं दुसऱ्याने वाहायचं, तसलं काहीतरी. बाईंच्या कानशिलांत रक्त सणसणायला लागलं. सरळ आत जावं, सगळे दिवे लावावेत आणि म्हणावं, 'घ्या डॉक्टर, आजपासून पाटी तुमच्या नावाची.' वाक्य तयार होतं. कसं म्हणायचं, कुठे थांबायचं, तेही ठरलं. घरी गेल्यावर मुलाला काय सांगायचं तेही ठरलं. त्या उठल्याही असत्या, पण तेवढ्यात पडद्याच्या आतून सुनेचा आवाज आला.

"उजव्या कुशीवर वळा. डावा हात डोक्यावर घ्या. असा. आता मोठा श्वास... आणि धरून ठेवा."

बाईंना आतलं काही दिसत नव्हतं, पण त्या शब्दांनी प्रोब कुठे आहे ते त्यांना डोळे मिटून सांगता आलं असतं. डाव्या बरगडीखाली, पार मागच्या बाजूला. जन्मभर पेशंटच्या उजव्या हाताला बसून काम करणाऱ्या माणसाला सगळ्यात लांबची जागा तीच. तिथे पोचायला पेशंटच्या अख्ख्या अंगावरून हात पलीकडे ताणावा लागतो आणि मनगट उलटं वळवावं लागतं. आणि बाईंचा उजवा खांदा धरला होता. नुसता दुखत नव्हता, धरला होता. केस विंचरायचे तर डाव्या हाताने, वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर मान वाकडी करून. कुणाला कळू दिलं नव्हतं. निदान असं त्यांना वाटत होतं. आज आपण तिथे गेलो होतो का? बाईंनी आठवून बघितलं. यकृत बघितलं, हो. पित्ताशय, हो. उजवं मूत्रपिंड व्यवस्थित. डावं समोरूनच ओझरतं. आणि त्याच्या वर, बरगडीच्या आडोशाला, पाणथरी, पुस्तकात जिला प्लीहा म्हणतात ती? तिथे काहीच आठवेना. आज नव्हे, काल? त्याच्या आदल्या दिवशी? प्रोब टेकवला न टेकवला, कळ खांद्यातून मानेत गेली, आणि तोंडाने म्हणून टाकलं, 'बाकी सगळं ठीक.' शिकाऊ पोरांना ज्या चुकीसाठी त्या फाडून खात, तीच. चिठ्ठीवर ओटीपोट लिहिलंय, म्हणून ओटीपोट. बाईंना लाज वाटली. साधी, उघडी, लहान मुलाला वाटते तशी लाज. चिडायला मघाशी जे शब्द तयार केले होते ते तोंडातच राहिले.

आत पुन्हा आवाज. "सोडा. परत घ्या श्वास." मग बटणाचा टकटक आवाज, चित्र थांबवल्याचा, पुन्हा सुरू केल्याचा. "तुमचं आधी कधी ऑपरेशन झालंय का? अपघात वगैरे? इथे, वरच्या बाजूला?"

"नाही हो. का? तिथे काय आहे?"

"काही नाही. थांबा जरा."

हे 'थांबा जरा' बाईंचंच. घर फिरून झालंय, आणि काहीतरी जागेवर नाही, असा त्याचा अर्थ. बाकावर बसल्या बसल्या बाईंनी श्वास रोखून धरला. सून अगदी हळू, स्वतःशीच पुटपुटली, "मग गेली कुठे?" आणि त्याच क्षणी बाईंच्या डोळ्यांपुढे ती खाच आली. करड्या, गुळगुळीत, एकसारख्या गाठीच्या कडेची ती खाच. अंडाशयाच्या गाठीला कसली आलीय खाच! अशी खाच कुणाला असते ते त्यांनी शेकडो पोरांना फळ्यावर काढून दाखवलं होतं. आणि मुलीचा आवाज, मघाशी कानावरून नुसताच गेलेला, आता आत येऊन पोचला: डॉक्टर, माझी गाठ फिरते. बाई उठल्या. पडदा एका झटक्यात बाजूला झाला.

सून ताडकन उभी राहिली. तोंड पांढरंफटक. "मॅडम... मी फक्त... फक्त डावी बाजू बघत होते, आई."

दवाखान्यात ती पहिल्यांदा आई म्हणाली. बाईंच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी तिकडे दुर्लक्ष केलं.

"फक्त डावी?"

"डावीच. तुमचा खांदा धरल्यापासून. बाकीचं तुमचं कधीच पुन्हा बघितलं नाही. शप्पथ. तशी गरजच नसते."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं तुला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, कुठे दुखतोय खांदा? आणि मुद्दाम आणखी ताणला असता."

हे इतकं खरं होतं की बाईंना राग असूनही हसू फुटलं. ते त्यांनी गिळलं. टेबलावरची मुलगी एका कुशीवर तशीच, हात डोक्यावर घेऊन, या दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

"काय दिसलं?" बाईंनी विचारलं.

"दिसत नाही तेच. पाणथरी जागेवर नाही. तिथे नुसतं आतडं येऊन बसलंय. जन्मापासूनच नसेल का? मला कळत नाहीये, आई."

"आहे," बाई म्हणाल्या. "आहे आणि मी ती बघितलीय. सरक."

त्या स्टुलावर बसल्या. मुलीला उताणं झोपवलं. प्रोब ठिपक्याच्या शेजारी ठेवला. खालची जागा, जवळची, तिथे खांद्याची काही कुरकुर नव्हती. "ही बघ खाच. दिसली? आता ही दुसरी, बारकी. आणि आता देठ बघू." त्यांनी प्रोब गाठीच्या वरच्या कडेला नेला आणि रंग लावला. लाल-निळी जाडजूड दोरी, थोडीशी पिळलेली, गाठीतून निघून वर डावीकडे जात होती. अंडाशयाच्या रक्तवाहिन्या अशा कधी जात नाहीत. बाई तिच्या मागे मागे निघाल्या, नाभीच्या वर, मग आणखी डावीकडे, आणि एका ठिकाणी खांद्याने साफ नकार दिला. त्यांनी प्रोब उचलला नाही. "धर," त्या म्हणाल्या, आणि सुनेचा हात त्यांच्या हातावर येऊन बसला, मग त्यांचा हात खालून निघाला, प्रोब पोटावरून तसूभरही न हलता. सून दोरीच्या मागे मागे गेली, पार बरगडीखाली, त्या रिकाम्या जागेपर्यंत. दोघींनी मॉनिटरकडे बघितलं आणि मग एकमेकींकडे. अशी केस पुस्तकात सगळ्यांनी वाचलेली असते आणि टेबलावर फार थोड्यांच्या येते. मग खाली येऊन, गाठ बोटाने जराशी बाजूला दाबून, त्यांनी तिच्या मागे दडलेलं डावं अंडाशयही शोधलं. लहान, निरोगी, आपल्या जागेवर.

"मला कुणी सांगणार आहे का?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज चिडका होता, कारण ती घाबरली होती.

बाईंनी मॉनिटर तिच्याकडे वळवला. "तुमच्या डाव्या बरगडीखाली पाणथरी नावाचा अवयव असायला हवा. त्याला जागेवर बांधून ठेवणारे पडदे काही जणांचे सैल असतात. तुमची पाणथरी तिथून सुटून खाली उतरलीय, लांब देठावर लोंबकळतेय. ही गाठ म्हणजे तीच. देठाला पीळ बसला की कळ येते, पीळ सुटला की जाते. आडवं झाल्यावर वर सरकते, उभं राहिल्यावर खाली येते."

"मी सांगत होते ना, फिरते म्हणून!"

"सांगत होतात. सर्जन हसला, आणि मी ऐकलंच नाही. चूक झाली आमची."

"म्हणजे माझी पिशवी..."

"पिशवी जागेवर. दोन्ही अंडाशयं जागेवर. त्यांच्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघायचं कारण नाही. ऑपरेशन लागेल, पण ते वेगळं. तिला वर नेऊन जागेवर बसवायचं, आणि लवकर, मोठा पीळ बसण्याआधी." मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडतेय की हसतेय ते कळेना, बहुतेक दोन्ही. सुनेने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बाईंची नजर मात्र त्या जांभळ्या ठिपक्यावर गेली. पाणथरी म्हणजे रक्ताने भिजलेला स्पंज. उद्या सकाळी तिथून, बाईंनी दाखवलेल्या नेमक्या जागेतून, जाड सुई आत गेली असती. आणि रक्त थांबलं नसतं.

मग फोन. सर्जन बाईंच्या यजमानांच्याच हाताखाली तयार झालेला, आता स्वतः मोठा झालेला, बाईंशी बोलताना अजून आवाज लहान करणारा. "बोला बाई. सापडली जागा?"

"सुई बाजूला ठेव आधी. ती अंडाशयाची गाठ नाही. पाणथरी आहे, भटकी. वरची जागा रिकामी, देठ थेट तिथपर्यंत जातोय. दोन्ही अंडाशयं उत्तम."

"बाई... मी उद्या सकाळी सुई घालणार होतो."

"आणि मी जागा दाखवून मोकळी झाले होते. ठिपकासुद्धा दिलाय."

"पण तुम्ही होतात म्हणून वाचलो हो. दुसऱ्या कुणालाही हे दिसलं नसतं."

बाईंनी वर बघितलं. सून मशीनपाशी उभी होती, पुसलेलाच प्रोब पुन्हा पुसत होती, आणि ऐकत नसल्यासारखं दाखवत होती. हे वाक्य तसंच सोडून देता आलं असतं. 'अरे, वयाचा फायदा,' म्हणून हसता आलं असतं. इतकी वर्षं असलीच वाक्यं ऐकायला बाई फोनपाशी खुर्ची ओढून बसत आल्या होत्या.

"मला नाही दिसलं," बाई म्हणाल्या. "माझ्याकडून ती बाजू राहून गेली होती. माझ्या सुनेने धरलं." मग त्या थांबल्या. मान आपोआप ताठ झाली, अगदी नेहमीसारखी, किंबहुना नेहमीपेक्षा जरा जास्तच. "आणि तिला मी शिकवलंय."

फोन ठेवला. स्पिरिटचा बोळा घेऊन त्या स्वतः मुलीपाशी गेल्या आणि ठिपका पुसायला लागल्या. ती शाई लवकर जात नाही. जाऊ नये म्हणूनच ती वापरतात. बाई घासत राहिल्या. मुलगी म्हणाली, "राहू द्या हो, तलावात जाईल धुऊन." "पाण्याने नाही जायची ही," बाई म्हणाल्या, "आणि तलाव सध्या बंद." कातडी लाल झाली, ठिपका फिकट झाला, मग दिसेनासा झाला. मगच त्यांनी बोळा टाकला.

मुलगी गेल्यावर मदतनीस पडद्याशी आली. तोंडावर सगळं उमटलेलं, तरी सवयीने म्हणालीच, "मॅडम, चहा..."

"ओत तो मोरीत," बाई म्हणाल्या. "आणि आजपासून चहा एकदाच, दुपारी, सगळ्यांनी मिळून. पुढचा पेशंट पाठव. आणि डॉक्टर, हे स्टूल आणि मशीन पलीकडे घ्या."

"पलीकडे?"

"पेशंटच्या डाव्या हाताला. उजवा खांदा नाही म्हणतोय ना, मग डाव्या हाताने बघेन. तिकडून ती जागा जवळ पडते."

"आई, या वयात हात बदलायचा? वेळ लागेल."

"तुला किती लागला होता?"

सुनेने चाकांवरचं मशीन ढकलत पलीकडे नेलं, वायर मोकळी केली, स्टूल लावलं. पुढचे पेशंट एक आजोबा होते, पोट उघडं टाकून झोपले आणि म्हणाले, "इकडून? मागच्या वेळी तिकडून होतं." "इकडून जास्त चांगलं दिसतं," बाई म्हणाल्या आणि डाव्या हातात प्रोब घेतला. पडद्यावरचं चित्र थरथरलं, घसरलं, भलतीकडेच गेलं. त्यांनी पुन्हा टेकवला. पुन्हा घसरलं. आयुष्यात पहिल्यांदा प्रोब धरला होता त्या दिवसाची बाईंना आठवण झाली, आणि घाम फुटला. चित्राच्या कडेला पाणथरीचा तुकडा दिसला न दिसला तोच निसटला. मागून कुणी हात पुढे करेल, म्हणून त्यांनी मान वळवून बघितलं. सून त्यांच्या मागे उभी होती. तिचे दोन्ही हात पाठीशी बांधलेले होते, घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत.

बाई पुन्हा मॉनिटरकडे वळल्या. "श्वास घ्या आजोबा," त्या म्हणाल्या, "मोठा. आणि धरून ठेवा. आम्हाला जरा घर फिरून येऊ द्या."